शेवटच्या चटईवरचं सूप

माझी नात परवा रॅपचा कार्यक्रम पाहून आली. चप्पल काढायच्या आधीच म्हणाली, "आजी, एकदम बेकार. एक शब्द समजला नाही."

सातचा कार्यक्रम होता, गाणारा साडेनऊला उगवला. त्याच्यासोबत पंधरा मित्र स्टेजवर चढले आणि नुसत्या उड्या मारत राहिले. ढोल असा, की पोटातलं पाणी हलावं. गाणारा अर्ध्या ओळी म्हणतच नव्हता, माइक लोकांकडं करायचा आणि लोकांनीच त्या म्हणायच्या. उरलेलं त्याचंच गाणं मागून मशीनवर वाजत होतं.

"मोबाइलवर ऐकते तेव्हा अक्षर न् अक्षर समजते," ती म्हणाली. "समोर जाऊन नाही समजलं."

मी विचारलं, "सूप कोणाच्या हातात होतं?"

"कसलं सूप?" ती म्हणाली. आमच्या घरात सूप आहे, तिला दाणे पाखडता येतात. पण गाण्याच्या कार्यक्रमाला सूप लागतं हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. मग काकाजींचं सांगावं लागलं.

काकाजी आमचे घरमालक. नागपुरात गिरणीच्या मागं आमची वस्ती, तिथं त्यांचं चार खोल्यांचं घर. मागच्या एका खोलीत मी आणि माझा नवरा. मधल्या दोन खोल्यांत काकाजी आणि काकू. समोरच्या खोलीत माणसं राहत नव्हती. तिथं कर्णे, माइक, वायरची भेंडोळी आणि बॅटऱ्या राहायच्या. काकाजी लाउडस्पीकरवाले होते. लग्न, बारसं, सभा, कव्वाली, सगळीकडं त्यांचा कर्णा.

आता गंमत ही, की काकाजी बहिरे होते. डावा कान पूर्ण गेलेला, उजवा अर्धा. लाउडस्पीकर घ्यायच्या आधी वीस वर्षं त्यांनी गिरणीत साच्यावर कापड विणलं होतं. दोनशे साचे एका छताखाली खडखडत असतात, तिथं कोणाचा कान टिकत नाही. तिथली माणसं बोलतात ती आवाजानं नाही, ओठांनी. समोरच्याच्या ओठांकडं पाहिलं की काय म्हणतो ते कळतं. मीसुद्धा गिरणीतच होते, सूत गुंडाळायच्या खात्यात. आम्हालाही ते येत होतं. वस्तीत निम्म्या लोकांना येत होतं.

काकाजींनी गिरणी सोडली, पण ती सवय सुटली नाही. वाण्याच्या दुकानात जाऊन नुसते ओठ हलवायचे. वाणी गिरणीतला नव्हता. तो म्हणायचा, "काकाजी, आवाज द्या." काकाजींना वाटायचं आपण ओरडूनच सांगितलं. गूळ मागायला गेलेला माणूस मीठ घेऊन यायचा, आणि त्यावरून काकूंशी भांडण. काकूही गिरणीतल्याच. ते भांडण बिनआवाजाचं. अंगणाच्या या टोकाला काकू, त्या टोकाला काकाजी, दोघांचे ओठ भराभरा चालू, हात चालू, आणि आवाज फक्त चुलीवरच्या भाताचा. बाहेरचा कोणी आला तर त्याला वाटायचं, दोघं प्रार्थना करताहेत. मला एकेक शिवी कळायची.

मला त्यांनी कामाला कसं लावलं ते सांगते.

आमच्या वस्तीत दरवर्षी बुद्ध पौर्णिमेला कव्वालीचा कार्यक्रम व्हायचा. नुसतं गाणं नाही, सवाल-जवाब. एक पार्टी ओळीत सवाल टाकणार, दुसरी ओळीतच उत्तर देणार. शब्द भराभर येणार, आणि तो शब्द नाही कळला तर उरतो फक्त ढोलकीचा मार. आमच्या लोकांनी दीक्षा घेतल्याला फार वर्षं झाली नव्हती, शिकलेले थोडे होते. कोण होतो, कोण झालो, हे लोकांना त्या कव्वालीतून समजत होतं. म्हणून गर्दी.

मी लग्न होऊन आले त्या पहिल्या वर्षी कार्यक्रम झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात सुपात तांदूळ घेऊन बसले होते. काकाजी आले. ते कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी घरोघर फिरून विचारायचे, "कसा होता आवाज?" सगळे म्हणायचे, एक नंबर. मला विचारलं.

मी म्हटलं, "डब्यात खडे घालून वाजवल्यावानी. मले एक शब्द नाही समजला."

काकू दारात आल्या. घरमालकाला नव्या भाडेकरणीनं असं बोलायचं नसतं. काकाजींनी माझे ओठ नीट पाहिले आणि मला पुन्हा म्हणायला लावलं. मी पुन्हा म्हटलं.

"कुठं बसली होती वं?"

"शेवटच्या चटईवर. बायकांले कुठं बसवता तुमी?"

काकाजी खाली उकिडवे बसले. म्हणाले, "बारा वर्षं झाले, मी मशीन चालवून राहिलो. मले त् ऐकू येत नाही. लोकं सांगतेत चांगला हाय, मी म्हणतो चांगला हाय. तू पहिली निघाली. पुढच्या पौर्णिमेले हे सूप घेऊन शेवटच्या चटईवर बसजो."

तेव्हापासून मी त्यांचा कान. नियम साधा होता. शब्द कळले तर सूप मांडीवर. नाही कळले तर सूप डोक्यावर. ढोलकी शब्द खात असेल तर सूप पाखडायचं. काकाजी स्टेजच्या बाजूला मशीनजवळ उभे असत, त्यांची नजर गाणाऱ्यावर नाही, माझ्या सुपावर. सूप वर गेलं की ते बटणं फिरवायचे, कर्ण्याचं तोंड वळवायचे, ढोलकीवाल्याला उचलून चार हात मागं बसवायचे. सूप मांडीवर आलं की खिशातून चिमूटभर बडीशेप तोंडात टाकायचे.

एकदा मी सूप वर केलं आणि शेजारची म्हणाली, "काहून वं, भूत लागलं का तुले?" तीन वर्षांनी तीच मला कोपरानं ढोसायची, "उचल ना वं, काही समजून नाही राहिलं."

गाणारा लहान असो की मोठा, काकाजी सुरू व्हायच्या आधी त्याच्याजवळ जायचे आणि त्याच्या तोंडात आणि माइकमध्ये आपला पंजा आडवा धरायचे. एक वीत आणि वर चार बोटं. "याच्या अलीकडं नाही याचं. माइक खाल्ला त् शब्द पोटात जाते." मोठ्या मोठ्या कव्वालांना त्या पंजाचा राग यायचा. हाताला वायरच्या रबराचा वास असायचा.

त्यांना सगळ्यात जास्त चीड स्टेजवर रिकामं बसणाऱ्यांची. कार्यक्रम सुरू झाला की कोणाचा मेव्हणा, कोणाचा पाहुणा, कोण कमिटीचा, सगळे वर चढून गाणाऱ्याच्या मांडीला मांडी लावून बसायचे. गाणारा दिसेना, माइकला धक्के. काकाजी प्रत्येकाजवळ जायचे. "तुमचं काम काय इथं?" पेटी, ढोलकी, टाळी, यातलं काही नसलं तर त्याच्या हातात वायरचा तुकडा द्यायचे. "मंग हे धरा. सोडू नका. सोडली त् करंट सगळ्यायले लागन."

तो वायरचा तुकडा कशालाही जोडलेला नसायचा. पण ते धरणाऱ्याला माहीत नव्हतं. आमच्या कमिटीचे सेक्रेटरी एका वर्षी तीन तास ती वायर दोन्ही हातांनी धरून बसले. नाकावर डास बसला तरी हात सोडला नाही. समोर गिरणीतले लोक ओठांनी एकमेकांना सांगत होते, आणि सगळा मांडव आतल्या आत हसत होता. सेक्रेटरींना हे आठ दिवसांनी कळलं. माणूस वाईट नव्हता. पण तीन तास कोणी विसरत नाही.

एकदा कोराडीच्या कॉलनीत कार्यक्रम होता. काकाजी मला बसमधून घेऊन गेले, माझ्या मांडीवर कर्णा, कर्ण्यात सूप. कंडक्टर म्हणाला, "बाई, सुपाचं तिकीट काढा." काकाजींनी त्याचे ओठ पाहिले आणि म्हणाले, "ते माणूस हाय. ड्युटीवर हाय." तिथला गाणारा जवान होता, नाव झालेला. दोन ओळी म्हणायचा, तिसरीला माइक लोकांकडं करायचा. "आता तुम्ही." लोकांना आवडायचं, पहिल्यांदा. दुसऱ्यांदा. पाचव्यांदा मी सूप वर केलं, कारण हजार लोक एकदम बोलले तर कोणाचाच शब्द कळत नाही. काकाजींनी माइक बंद केला, स्टेजवर गेले आणि त्याला म्हणाले, "लोकायलेच गाऊ द्याचं असन त् तू खाली चटईवर येऊन बस गा. ती बाई वर येईन. तिच्याजवळ सूप त् हाय."

तो मुलगा लाजला. पण मग त्यानं अख्खं म्हटलं, आणि चांगलं म्हटलं. परत येताना कर्ण्यावर कोराडीच्या वीज केंद्राच्या राखेचा थर बसलेला. काकाजी तो पुसत म्हणाले, "माणूस गाणं ऐकाले नाही येत वं. गाणं त् रेडिओवर बी हाय. माणूस समजाले येते. समजलं नाही त् तो घरी जाऊन बायकोवर चिडते."

नातीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आजी, खरंच, मी रिक्षावाल्यावर चिडले."

मग ते वर्ष आलं. ऐंशीच्या आसपास. तोवर घरोघरी टेप झाले होते. मुंबईचा एक कव्वाल होता, त्याच्या कॅसेटा प्रत्येक पानठेल्यावर वाजायच्या. कमिटीनं त्याला बोलावलं. त्याच वेळी शहरात एक नवा लाउडस्पीकरवाला आला होता. त्याच्याकडं कर्णे नव्हते, माणसाएवढे उंच खोके होते. ते नुसतं शेजारच्या वस्तीत वाजले तरी आमची भांडी फळीवरून पुढं सरकायची.

सेक्रेटरी काकाजींकडं आले. मी अंगणातच होते. ते काकाजींच्या उजव्या कानाशी बोलले, म्हणजे सगळ्या वस्तीला ऐकू गेलं.

"पाहा काकाजी, मोठा पाहुणा हाय. त्याच्यासमोर ते सूप-बिप नाही पायजे. सूप दाखवणं म्हणजे अपमान झाला. यंदा सूप दिसलं, त् पुढच्या वर्षीपासून काम खोकेवाल्याचं."

"शब्द नाही कळले त्?"

"नाही कळले त् नाही कळले. लोक त्याले पाहाले येऊन राहिले."

सेक्रेटरी गेले. काकाजी समोरच्या खोलीत जाऊन माइक पुसत बसले. काकू माझ्याजवळ आल्या. त्यांना आवाजानं बोलायची सवय कमी, पण त्या दिवशी आवाजानं बोलल्या. "हा माणूस वर्षभर लग्नाचे कर्णे लावते त्या एका दिवसासाठी. वस्तीतला दिवस गेला त् हा छताकडे पाहत पडून राहीन. तू सूप नेऊ नको वं."

मी काकाजींना जाऊन विचारलं, "सूप आणू का नको?"

"आणजो."

"काम जाईन तुमचं."

"कान गेले तवा मेलो काय?" ते म्हणाले. "शब्द नाही कळले त् उचलजो."

मी सूप नेलं. पण खरं सांगते, मी मनात ठरवलं होतं, की यंदा थोडं खोटं वागायचं. अगदीच काही कळलं नाही तर उचलायचं, नाहीतर बसून राहायचं.

कार्यक्रम चारचा लावलेला. आमच्याकडं उजेडातच सुरू करायचे, कारण रातपाळीवाल्यांना साडेदहाला उठून गिरणीत जायचं. तीनपासून लोक बसले. बायका डबे घेऊन आलेल्या. चार झाले, सहा झाले, आठ झाले. कव्वाल साडेआठला आला. मग हार. कमिटीचा हार, महिला मंडळाचा हार, ज्यांना कोणी ओळखत नाही त्यांचे हार. साडेनऊ वाजले. रातपाळीवाले घड्याळाकडं पाहत होते.

तो माइकसमोर बसला. गळ्याला मफलर. काकाजी पंजा घेऊन पुढं गेले. त्यानं पंजा बाजूला केला, खिशातून कॅसेट काढून त्यांच्या हातात ठेवली आणि काहीतरी म्हणाला. सेक्रेटरींनी काकाजींना हातानं खूण केली, लावा. ती कॅसेट होती हे मला तेव्हा लांबून कळलं नाही.

आणि कव्वाली सुरू झाली. मी आयुष्यात इतके स्वच्छ शब्द ऐकले नव्हते. ढोलकी जागच्या जागी, टाळी जागच्या जागी, अक्षर काचेसारखं. मला इतकं हायसं वाटलं, की मी सूप चटईवर ठेवलं आणि त्याच्यावर बसले. म्हटलं, वाचले काकाजी.

शेजारची म्हणाली, "समोरचे काहून हसून राहिले वं?"

समोर गिरणीचे विणकर बसलेले. त्यांच्या माना डोलत नव्हत्या. खांदे हलत होते. एकानं मागं वळून ओठांनी सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. ते ओठांवरून ओठांवर आमच्यापर्यंत आलं. कव्वालाच्या तोंडात एक आणि कर्ण्यात दुसरंच. कर्णा पुढच्या ओळीवर गेलेला, तोंड अजून मागच्या. कधी कर्ण्यात तान आणि तोंड बंद, तो खोकत होता. दुसऱ्या कुठल्या वस्तीत हे खपलं असतं. पण ज्या माणसांनी वीस-वीस वर्षं ओठांवरून पोट भरलं, त्यांच्यासमोर तो खोटे ओठ हलवत होता.

तेवढ्यात पाहिलं तर काकाजी मशीन सोडून चटयांमधून माझ्याकडं येत होते. लोक पाय आवरून वाट देत होते. येऊन माझ्यासमोर उभे राहिले.

"शब्द कळले काय वं?"

"कळले. एकेक कळला."

"सूप कुठं हाय?"

"माझ्या बुडाखाली हाय. कळून राहिलं, कशाले उचलू? जा, मशीनजवळ जा. सेक्रेटरी पाहून राहिला."

"ऊठ."

"काकाजी, तुमचं काम जाईन."

"ऊठ म्हणतो ना. शब्द हाय, पण माणूस कुठं हाय त्यात? हे ऐकाले लोक तीन वाजतापासून बसले काय?"

मी उठले नाही. त्यांनी माझा दंड धरून मला बाजूला केलं, सूप घेतलं, आणि स्वतःच्या डोक्यावर दोन्ही हातांनी उंच धरलं. काकाजी उंच होते. ते सूप सगळ्या मांडवाला दिसलं. काकूंनी पदर तोंडाला लावला. सेक्रेटरी स्टेजवर उभे राहिले.

काकाजी तसेच सूप धरून परत गेले आणि मशीनचा खटका दाबला. कर्णा गप्प. कव्वालाचं तोंड एक ओळ पुढं तसंच चालत राहिलं, मग त्याच्या लक्षात आलं. असं हसू मी नंतर कधी ऐकलं नाही. हजार माणसं. लहान पोरं चटईवर लोळत होती. आणि खरं म्हणजे तोही हसला. थोड्या वेळानं.

तो बोलायला लागला, पण घशातून नुसती हवा. आवाजच नव्हता. समोरच्या विणकरांनी त्याचे ओठ वाचले आणि मोठ्यानं सांगितलं, "घसा बसला म्हणते. बारा दिवसांत बारा गावं झाले म्हणते. कॅसेट लावाचं मनात नव्हतं म्हणते."

काकाजी त्याच्यासमोर जाऊन उकिडवे बसले. पंजा धरला नाही. म्हणाले, "आवाज नको आम्हाले. कर्णा बी नको. तुमी नुसते ओठ हलवा, सावकाश. हे लोकं गिरणीतले हायेत."

त्या माणसानं मफलर काढला. स्टेजच्या काठावर पाय सोडून बसला आणि बिनआवाजाची कव्वाली सुरू केली. समोरची रांग ते वाचायची आणि एकदम बोलायची. दुसरी रांग ते घ्यायची आणि मागं द्यायची. तिथून तिसरी. ओळ अशी पाण्यासारखी सरकत सरकत शेवटच्या चटईवर आमच्यापर्यंत यायची, आणि मग तिकडून दुसरी निघायची. मांडवात हजार माणसं आणि एका वेळी एकच रांग बोलणार. पोरंसुद्धा गप्प.

काकाजी परत माझ्याजवळ येऊन बसले. मशीन बंद, त्यांना काही काम नव्हतं. एवढ्या लांबून त्यांना ओठ दिसत नव्हते. ओळ आली की मला ढोसायचे, "काय म्हणे?" मी त्यांच्या उजव्या कानात सांगायची. त्यातली एक मला अजून पाठ आहे.

पाटी नव्हती, अंगणामधी बोटानं अक्षर काढलं,
वाऱ्यानं ते पुसून नेलं, आईनं पुन्हा काढलं.

मी चौथी शिकले. माझ्या आईनं काही काढलं नाही, तिला येत नव्हतं. पण ओळ चांगली होती. काकाजींनी ती मला तीनदा सांगायला लावली. तिसऱ्यांदा मी म्हटलं, "ऐकू नाही येत काय?"

"येऊन राहिलं," ते म्हणाले. "म्हणून त् विचारून राहिलो. इतके वर्षं मी तुझं सूपच पाहिलं वं. कव्वाली आज ऐकली."

साडेदहाला रातपाळीवाले उठले. त्या वेळी एक ओळ मध्येच होती. त्यांनी ती जाता जाता मागच्या रांगेला देऊन टाकली आणि गिरणीत गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी साच्यांमध्ये उभं राहून पुढची ओळ विचारून घेतली.

सेक्रेटरींनी आपला शब्द पाळला. पुढच्या वर्षी काम खोकेवाल्याला गेलं. त्याच्या पुढच्याही वर्षी. काकाजी कार्यक्रमाला गेले नाहीत. समोरच्या खोलीत कर्ण्यांमध्ये भिंतीला हात लावून बसायचे. मी विचारलं, "काय करून राहिले?" म्हणाले, "ढोल हातात येऊन राहिला. शब्द नाही आला." काकू म्हणाल्या होत्या तसं छताकडं पाहणं मात्र झालं नाही, कारण त्यांनी त्या दोन वर्षांत काकूंशी सगळी राहिलेली भांडणं करून घेतली. अंगणात जागा पुरत नव्हती.

तिसऱ्या वर्षी सेक्रेटरी दारात आले. दोन्ही वर्षं लोक अर्ध्यातून उठून गेले होते, पाहुण्याला रिकाम्या चटया दिसल्या होत्या. सेक्रेटरी उजव्या बाजूला येऊन म्हणाले, "काकाजी, यंदा तुमी लावा."

काकाजींनी त्यांचे ओठ वाचले. मग विचारलं, "वायर धरशीन?"

"धरतो," सेक्रेटरी म्हणाले.

मग चार वर्षं काम काकाजींकडंच राहिलं आणि सूप माझ्याकडं. पाचव्या वर्षी पौर्णिमेच्या आधीच काकाजी गेले. झोपेत गेले, त्रास झाला नाही. मी रडले नाही, मला लवकर रडू येत नाही. काकू मला म्हणाल्या, नुसत्या ओठांनी, "शोकसभेत सेक्रेटरी बोलणार हाय. सूप घेऊन जाजो."

माणसं शोकसभेला फुलं घेऊन आली, मी सूप घेऊन गेले. काकाजींचाच माइक, काकाजींचाच कर्णा. चालवायला खोकेवाला आपणहून आला होता. सेक्रेटरी उभे राहिले, माइक तोंडात घातला आणि बोलायला लागले. कर्णा शिट्ट्या मारत होता. शेवटच्या चटईवर एक शब्द येईना.

मी सूप उचललं.

बायका खाली मान घालून हसायला लागल्या. सेक्रेटरी थांबले. त्यांनी आपला पंजा आडवा धरला, एक वीत आणि वर चार बोटं, मागं सरकले आणि पुन्हा पहिल्यापासून बोलले. आता सगळं स्वच्छ कळत होतं. काकाजी वस्तीचा आवाज होते, म्हणाले. बरोबर होतं. असा माणूस पुन्हा होणार नाही, म्हणाले. तेही ठीक. मी सूप मांडीवर ठेवलं.

मग म्हणाले, "कमिटीनं त्यांना कधी एक दिवससुद्धा अंतर दिलं नाही."

शब्द कळला होता. एकेक कळला होता. मी सूप पुन्हा उचललं, या वेळी उभी राहून.

सेक्रेटरींनी माझ्याकडं पाहिलं, मग काकूंकडं. काकू त्यांच्या ओठांकडं पाहत होत्या. समोरचे सगळे विणकरही पाहत होते. सेक्रेटरींनी पंजा पुन्हा आडवा धरला.

"दोन वर्षं काम दुसऱ्याले दिलं होतं," ते म्हणाले. "सुपासाठी दिलं होतं. चुकलं आमचं."

मग मी सूप खाली ठेवलं.